तिरंगा उतरवताना

स्वातंत्र्यदिनी घरावर तिरंगा लावताना आपण काळजी घेतो. केशरी पट्टा वर असतो. भिंतीवर उभा लावला, तर तो पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. २०२२पासून घरावरचा ध्वज रात्रीही फडकत ठेवता येतो. चूक होते ती नंतर. ध्वज पावसात तसाच राहतो, कडा उसवतात, आणि मुलांचे कागदी झेंडे १६ ऑगस्टला जिन्यात पडलेले दिसतात.

ध्वजसंहितेनुसार फाटका किंवा चुरगळलेला ध्वज लावू नये. उतरवताना सावकाश उतरवा, जमिनीला लागू देऊ नका. आडवा धरून केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडा. मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी असा दुमडा, की अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडासा भागच दिसेल. तळहातांवर घेऊन कपाटात ठेवा.

ध्वज खराब झालाच, तर कचऱ्यात टाकू नका. मोठ्यांनी तो एकांतात, मान राखून पूर्ण जाळावा. कागदी झेंडेही रस्त्यावर टाकू नयेत, तेही असेच एकांतात मानाने नष्ट करावेत. यंदा १६ तारखेला सकाळी मुलांना घेऊन जिन्यातून, अंगणातून एक फेरी मारा आणि पडलेले झेंडे उचलून आणा.