शब्दांचे रेशनिंग

दरवर्षी दहावीचे निकाल लागतात, गुणवंतांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात, आणि तालुक्याच्या गावच्या मराठी शाळेतून ऐंशी-पंचाऐंशी टक्के गुण मिळवून बाहेर पडलेली काही मुलेमुली शहरातल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेत प्रवेश घेतात. पुढच्या सहा महिन्यांत त्यांचे काय होते याची मात्र बातमी होत नाही. दिवाळीच्या सुमारास त्यांपैकी काही कला शाखेकडे वळलेली असतात, काही गावाकडे परतलेली असतात. 'पोर हुशार होते, पण इंग्रजी आडवे आले' एवढे एक वाक्य उच्चारून घरचे लोक आणि शिक्षक या प्रकरणावर पडदा टाकतात. इंग्रजी आडवे आले म्हणजे नेमके काय आडवे आले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

सर्वसाधारण समजूत अशी की शास्त्रीय परिभाषा जड असते आणि तीच या मुलांना पेलत नाही. हा समज निराधार आहे. 'फोटोसिंथेसिस' हा शब्द कितीही लांबलचक असला तरी तो पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेला असतो, त्याची व्याख्या दिलेली असते, शेजारी आकृती असते आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. शिवाय ज्याने दहावीपर्यंत 'प्रकाशसंश्लेषण' शिकले आहे त्याच्या हाती त्या शब्दाची किल्ली आधीच असते. 'फोटो' म्हणजे प्रकाश आणि 'सिंथेसिस' म्हणजे संश्लेषण हे एकदा दाखवले की काम झाले. मुलगा अडखळतो तो व्याख्या नसलेल्या शब्दांपाशी. 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'व्हेअरॲज', 'रिस्पेक्टिव्हली', 'निग्लिजिबल' हे ते शब्द. गणित त्याला येते, परंतु गणितात काय गृहीत धरायला सांगितले आहे ते कळत नाही. दोन राशी दिलेल्या असतात, पण कोणती कोणाची हे सांगणारा 'अनुक्रमे' या अर्थाचा शब्द त्याला पारखा असतो. हे शब्द सामान्य बोलण्यातले नाहीत आणि कोणत्याही एका शास्त्राचेही नाहीत. इंग्रजीचे शिक्षक ते विज्ञानाच्या शिक्षकांवर सोडतात आणि विज्ञानाचे शिक्षक असे धरून चालतात की ते इंग्रजीच्या तासाला झालेले आहेत. वास्तविक ते कोणाच्याच तासाला झालेले नसतात.

या मधल्या थराची मोजदाद झालेली आहे. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चारही शाखांतील सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून २००० साली एक यादी प्रसिद्ध केली. नेहमीच्या वापरातले पहिले दोन हजार शब्द वगळून, चारही शाखांत सर्रास आढळणारी ५७० शब्दकुले त्या यादीत आहेत. एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपे मिळून एक कूळ. विद्याशाखांच्या लिखाणात दर शंभर शब्दांमागे सुमारे दहा शब्द या यादीतले निघतात. कथा-कादंबऱ्यांत मात्र त्यांचे प्रमाण दीड टक्क्याच्याही आत आहे. हा दुसरा आकडा विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण गोष्टी वाचून किंवा चित्रपट पाहून हे शब्द आपोआप अंगी लागत नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ होतो. ज्या घरात इंग्रजी वृत्तपत्र येते आणि आईवडील कार्यालयीन टिपणे इंग्रजीत लिहितात, त्या घरातील मुलाला ते न मागता मिळतात. इतरांना शाळेने दिले तरच मिळायचे.

शाळा काय देते? 'एक हजार कठीण इंग्रजी शब्द' अशा मथळ्याची पुस्तिका, फळ्याच्या कोपऱ्यात 'आजचा शब्द', आणि स्नेहसंमेलनात वक्तृत्वाचे बक्षीस मिळवून देणारी काही भारदस्त विशेषणे. शहरांच्या पदपथांवर नॉर्मन लुइस यांचे १९४९ साली अमेरिकेत निघालेले 'वर्ड पॉवर मेड ईझी' आजही ढिगाने विकले जाते. पुस्तक वाईट नाही. धातू आणि उपसर्ग यांच्या आधाराने शब्द उलगडण्याची त्याची रीत चांगलीच आहे. परंतु मानसोपचारतज्ज्ञांचे आणि लबाडांचे प्रकार ओळखण्यासाठी त्यात जे शब्द दिले आहेत ते भौतिकशास्त्राच्या पुस्तकापाशी बसलेल्या मुलाच्या उपयोगी पडत नाहीत. कठीण शब्द आणि उपयोगी शब्द यांतला हा फरक उमगायला खुद्द अमेरिकेलाही बराच काळ लागला. तेथील महाविद्यालयीन प्रवेशाच्या 'सॅट' परीक्षेसाठी मुलांच्या पिढ्यांनी दुर्मिळ शब्दांच्या चिठ्ठ्या पाठ केल्या. १९९४ मध्ये त्या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न गेले, २००५ मध्ये शब्दसाम्याचे गेले, आणि २०१६ पासून दुर्मिळ शब्दांची सद्दीच संपवून उताऱ्यातील संदर्भाने ठरणारे नेहमीचे शब्द विचारले जाऊ लागले. तिकडे टाकून दिलेला माल इकडच्या व्यक्तिमत्त्वविकास वर्गांत अजून नवा म्हणून खपतो आहे, आणि त्याचे शुल्क भरण्यासाठी बापाला सोसायटीतून उचल काढावी लागते.

महाराष्ट्रात आजवर वाद झाला तो इंग्रजी केव्हा सुरू करावे याचा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात तत्कालीन मुंबई राज्यात ते आठवीपासून होते, पुढे पाचवीपासून झाले, आणि २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून झाले. त्यानंतर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे 'सेमी इंग्रजी' वर्ग गावोगाव निघाले. सुरुवात अलीकडे आणण्यात जेवढी शक्ती खर्च झाली तिच्या दहाव्या हिश्शानेही काय शिकवायचे याचा विचार झाला नाही. ग्रामीण भारताच्या २०२२ च्या 'असर' पाहणीत आठवीतील निम्म्याहून कमी मुले साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकली. म्हणजे आठ वर्षे एक विषय शिकूनही निम्म्या मुलांच्या पदरात वाक्य वाचण्याइतकेही पडलेले नाही.

या हिशेबाची एक जुनी कसोटी आहे आणि ती याच उपखंडात तयार झाली. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी बंगालमधील द्विभाषिकतेवर १९२६ मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी विमा व्यवसायातला 'सरेंडर व्हॅल्यू' हा शब्द शिक्षणाला लावला. पॉलिसी मध्येच सोडणाऱ्याला काही रक्कम परत मिळते. त्याप्रमाणे शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलाला त्याने तोवर घातलेल्या वर्षांचे काय मोल परत मिळते, असा त्यांचा प्रश्न होता. शेवटपर्यंत टिकणाऱ्या थोडक्यांसाठी आखलेल्या अभ्यासक्रमात बाकीच्यांना काहीच मिळत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्यावर हाताशी राहील असे काहीतरी द्यावे, म्हणजे आधी वाचता येऊ द्यावे आणि त्यासाठी शब्द निवडून व मोजून द्यावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. सुमारे दोन हजार सर्वोपयोगी शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी १९५३ मध्ये आली, आणि कॉक्सहेड यांनी जे दोन हजार शब्द वगळले ते याच यादीतले. एका परकीय सत्तेच्या नोकराला ढाक्यात पडलेला हा प्रश्न स्वतंत्र भारताच्या शिक्षण खात्याला पडू नये, ही खेदाची बाब आहे. आठवीत शाळा सोडून ऊसतोडीला किंवा हॉटेलात जाणाऱ्या मुलीच्या इंग्रजीची 'सरेंडर व्हॅल्यू' किती, हे कोणत्या अहवालात शोधायचे?

ज्यांच्याकडे इंग्रजीचे भांडवल नाही असे मानले जाते त्यांच्या घरात इंग्रजी शब्दांचा मुळीच तुटवडा नाही. 'रिकव्हरी' हा शब्द साखर कारखान्याच्या परिसरातील लहान मुलालाही ठाऊक असतो. उसातून साखरेचा उतारा किती पडला ती रिकव्हरी. बँकेचा माणूस थकबाकीसाठी दारात येतो तीही रिकव्हरीच, आणि आजोबा जिल्हा रुग्णालयातून बरे होऊन आले तीदेखील रिकव्हरी. गमावलेले किंवा दडलेले परत हाती येणे हा एकच अर्थ तिन्ही ठिकाणी आहे. तो मुलाकडून काढून घेता आला तर शब्दाचा आत्मा त्याला कळला. 'टेन्शन' घरात असते, शेतावरून जाणाऱ्या हायटेन्शनच्या तारेत असते आणि अकरावीच्या पुस्तकातल्या दोरीतही असते. 'इंटरेस्ट' म्हणजे आवड, असे पाठ्यपुस्तक सांगते. कर्जबाजारी घरातल्या मुलाला त्याचा दुसरा अर्थ आधी कळलेला असतो, पण वर्गात तो विचारला जात नाही. स्थानकावरचा 'पोर्टर', मालमोटारीवर रंगवलेले 'ट्रान्सपोर्ट', द्राक्षबागेतले 'एक्स्पोर्ट' आणि दुकानातले 'इम्पोर्टेड' ही चारही एकाच वाहून नेण्याच्या धातूची लेकरे आहेत. कृतीपासून प्रकृती, विकृती, आकृती, प्रतिकृती होतात हे ज्याला मराठीच्या तासाला शिकवले आहे, त्याला 'पोर्ट'चे हे गोत्र समजायला पाच मिनिटे पुरतात. अट इतकीच की मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक एकमेकांशी बोलत असले पाहिजेत. पाउलो फ्रेअरी यांनी ब्राझीलमध्ये १९६३ च्या आसपास प्रौढ मजुरांना साक्षर करताना 'वीट' यासारखे त्यांच्या रोजच्या श्रमातले शब्द निवडले आणि त्या शब्दांची अक्षरे फोडून नवे शब्द घडवायला त्यांना शिकवले. ती भाषा मजुरांची स्वतःची होती, येथे प्रश्न परक्या भाषेचा आहे, हा भेद मान्यच आहे. परंतु शिकणाऱ्याच्या पदरी जे आहे तेथून आरंभ करणे दोन्हीकडे सारखेच शक्य आहे.

अर्थात ओळखीच्या शब्दांवरच थांबता येत नाही. मदतीवाचून सर्वसाधारण इंग्रजी ग्रंथ वाचायचा तर आठ ते नऊ हजार शब्दकुले माहीत असावी लागतात, असा पॉल नेशन यांचा २००६ चा हिशेब आहे. दहा वर्षांत ती शिकवायची म्हटले तर शाळेच्या प्रत्येक दिवशी चार नवे शब्द आले, आणि त्यांतला एकही विसरला जाता कामा नये. फळ्यावरून हे होणे नाही. एकदा भेटलेला शब्द ओळखीचा होत नसतो. तो वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटावा लागतो आणि त्याला वाचनावाचून दुसरा मार्ग नाही. फिजी बेटांवरील खेडवळ प्राथमिक शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी अडीचशे चित्रमय इंग्रजी गोष्टींची पुस्तके दिली आणि रोज वीस-तीस मिनिटे वाचनाला ठेवली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या मुलांची वाचनातील प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली. ही मुले गिरमिटिया मजुरांच्या पणतवंडांची आणि मूळ फिजीवासीयांची होती, आणि त्यांच्या घरी इंग्रजी नव्हते. आपल्याकडे शाळेच्या ग्रंथालयाचे कपाट तपासणीच्या दिवशी उघडते आणि पालकांचा पैसा मार्गदर्शकांत जातो. त्या मार्गदर्शकात धड्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ ओळीखाली छापलेला असतो, त्यामुळे अर्थाचा अंदाज बांधण्याची वेळच मुलावर येत नाही. जुन्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालांवर घाम गाळला, त्यात निदान वाक्य स्वतः रचावे लागे.

मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्यांनी मुलांच्या इंग्रजी शब्दसंग्रहाची चिंता करावी हे काहींना विसंगत वाटेल. डॉ. राममनोहर लोहियांच्या 'अंग्रेजी हटाओ' या घोषणेचा रोख सार्वजनिक व्यवहारातील इंग्रजीच्या मक्तेदारीवर होता. कोणाला ती भाषा येऊच नये असा तो नव्हता. त्याच्या शंभर वर्षे आधी, १८५४ च्या 'काव्यफुले'त सावित्रीबाई फुल्यांनी इंग्रजीचे स्वागत केले ते शूद्रातिशूद्रांच्या बाजूने. या दोन भूमिकांत वाटतो तितका विरोध नाही. मक्तेदारी मोडण्याचे दोन मार्ग असतात, मालाची गरज कमी करणे आणि माल सर्वांना पुरवणे. पहिल्या मार्गावर काही पावले पडली आहेत. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते. दुसऱ्या मार्गावर मात्र रेशनच्या दुकानासारखी स्थिती आहे. पाटी लागलेली आहे, पण धान्य आलेले नाही. पुढाऱ्यांची स्वतःची मुले कोणत्या दुकानात जातात हे सर्वांना ठाऊक आहे.

शिवाय या प्रश्नाला मराठीची दुसरी बाजू आहे आणि ती अधिक गंभीर आहे. 'अझ्यूम' हा शब्द न कळणाऱ्या पुष्कळ मुलांना 'गृहीत धरणे' म्हणजे काय हेही नीट कळलेले नसते. 'अनुक्रमे', 'नगण्य', 'सापेक्ष', 'परिणामी', 'याउलट' हे शब्द मराठीच्याही बोलण्यात येत नाहीत. ते लिखाणातले, विचाराच्या सांध्यांचे शब्द आहेत, आणि मराठीच्या तासालाही ते कोणी शिकवत नाही. सेमी इंग्रजी वर्गातील मुलाची अवस्था तर अशी की 'प्रवेग' त्याने ऐकलेला नाही आणि 'ॲक्सेलरेशन' पाठ आहे, पण वाक्यात वापरता येत नाही. म्हणून हे शब्द जोडीने शिकवले पाहिजेत. आधी मराठीतले उदाहरण, मग इंग्रजी वाक्य, मग तेच विज्ञानाच्या पुस्तकातून शोधून काढायचे.

५७० कुले आठवी, नववी आणि दहावी अशा तीन वर्षांत वाटली तर वर्षाला १९० पडतात, म्हणजे शाळेच्या दिवसाला एकाहून कमी. यासाठी नवी इमारत लागत नाही, संगणक लागत नाही की मंत्रिमंडळाचा निर्णय लागत नाही. एखाद्या तालुक्यातील इंग्रजी, मराठी आणि विज्ञान या तीन विषयांचे दहा-बारा शिक्षक अकरावीची पुस्तके घेऊन दिवाळीच्या सुटीत चार दिवस एकत्र बसले, तर आपल्या मुलांना कोठे ठेच लागते त्या शब्दांची जोडयादी त्यांना स्वतःच करता येईल. शिक्षक संघटनांनी वेतनाच्या मागण्यांबरोबर हे काम आपल्या अधिवेशनांच्या विषयपत्रिकेवर घ्यावे. त्या बैठकीला अकरावीतून परत आलेल्या दोन-चार मुलांनाही बोलवावे, कारण पुस्तकातल्या कोणत्या ओळीपाशी आपण थांबलो हे त्यांना अजून आठवत असेल.