गुंडीवर न लिहिलेलं

जुन्या लष्करी गुंड्या जमवण्याचा शौक मला आवडतो. त्या घासून चकचकीत करणं अजिबात नाही. घासलं की मागचं लंडन-बर्मिंगहॅमच्या कारखानदाराचं नावही झिजतं. मुकुटाच्या आकारावरून गुंडी व्हिक्टोरियाच्या काळची की १९०१ नंतरची, हे ओळखता येतं. जीआयपी रेल्वे व्हॉलंटियर्सची गुंडी दाखवताना संग्राहक हे सगळं हौसेनं सांगतात. पण ही स्वयंसेवक दलं मुख्यतः गोऱ्यांची आणि अँग्लो-इंडियनांची होती, हे कोण सांगतं? १८८५ मध्ये रशियाशी युद्धाची भीती होती, तेव्हा शिकलेल्या हिंदी लोकांनी ‘आम्हालाही घ्या’ म्हटलं. सरकारनं ऐकलं नाही. पुढे काँग्रेसनं ठरावही केले. पगारी शिपाई म्हणून हिंदू-मुसलमान चालत होते, स्वखुशीनं बंदूक धरणारे नकोत! संग्रहातल्या चिठ्ठीवर पलटणीच्या नावाखाली एवढी एक ओळ लिहायला काय हरकत आहे?