17 वर्षांची ती, 19 वर्षांचा तो: संमतीनं असलेलं नातंही गुन्हा का ठरतं? 'रोमिओ-ज्युलिएट' तरतूद काय आहे?

समजा, ती 17 वर्षं आणि 8 महिन्यांची आहे. बारावीत शिकते. तो 19 वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. दोघांची ओळख क्लासमध्ये झाली आणि वर्षभरापासून ते एकत्र आहेत. घरी कळल्यावर वाद होतो, ती चिडून त्याच्यासोबत निघून जाते. वडील पोलिसांत तक्रार देतात. चार दिवसांनी दोघं सापडतात.

"मी स्वतःच्या मर्जीनं गेले होते," असं ती पोलिसांना सांगते. पण कायद्याच्या लेखी या वाक्याला फारशी किंमत नाही. त्याच्यावर अपहरण आणि बलात्कार या गुन्ह्यांसोबत पॉक्सोही लागू शकतो. दोष सिद्ध झाला तर किमान 10 वर्षांची कैद.

हे उदाहरण काल्पनिक आहे. पण अशा प्रकारची प्रकरणं देशभरातल्या पॉक्सो न्यायालयांपुढे सतत येतात.

कायदा नेमकं काय सांगतो?

बालकांच्या लैंगिक शोषणाविरोधातला पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला. या कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती 'बालक' आहे, मुलगा असो वा मुलगी. बालकाला लैंगिक संबंधांसाठी संमती देता येत नाही. त्यामुळे ती 'हो' म्हणाली होती का, हा प्रश्नच न्यायालयापुढे उरत नाही.

2019 साली शिक्षा आणखी कडक झाली. लैंगिक संबंधाच्या गुन्ह्यासाठी किमान शिक्षा 7 वरून 10 वर्षांवर गेली आणि पीडित 16 वर्षांखालील असेल तर ती 20 वर्षं झाली. नातं प्रेमाचं होतं असं न्यायाधीशांना पटलं, तरी दोषी ठरवल्यावर त्यांना या किमान शिक्षेच्या खाली जाता येत नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही संमतीचं वय 18 हेच आहे.

दोघंही अल्पवयीन असले तर?

तरीही सुटका नाही. दोघंही 17 वर्षांचे असतील, तर कागदोपत्री दोघंही 'बालक' आहेत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा गुन्हा मुलावर दाखल होतो आणि तो बाल न्याय मंडळापुढे जातो. ज्या गुन्ह्याची किमान शिक्षा 7 वर्षं किंवा त्याहून जास्त आहे, त्याला बाल न्याय कायदा 'अतिगंभीर' मानतो. अशा गुन्ह्यात 16 ते 18 वयोगटातल्या मुलावर प्राथमिक तपासणीनंतर प्रौढांप्रमाणे खटला चालू शकतो.

लग्न केलं तर केस मिटते का?

नाही. हा गैरसमज गावापासून शहरापर्यंत सगळीकडे आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2017 मध्ये स्पष्ट केलं की, पत्नी 18 वर्षांखालील असेल तर तिच्याशी पतीनं ठेवलेला संबंधही बलात्कारच ठरतो. शिवाय मुलीचं 18 आणि मुलाचं 21 पूर्ण होण्याआधीचं लग्न हा बालविवाह आहे.

संमतीचं वय आधीपासून 18 होतं का?

नाही. 1860 च्या दंड संहितेत ते 10 वर्षं होतं. 1891 साली ते 12 करण्यात आलं, तेव्हा महाराष्ट्र ढवळून निघाला होता. मुंबईत बेहरामजी मलबारी यांनी या सुधारणेचा पाठपुरावा केला, तर परक्या सरकारनं समाजाच्या चालीरीतींत हात घालू नये, असं म्हणत लोकमान्य टिळकांनी विरोध केला. तेव्हाचा वाद बालविवाहांचा होता. लहान वयात लग्न झालेल्या मुलींना पतीपासून संरक्षण द्यायचं की नाही, हा प्रश्न होता.

पुढे हे वय टप्प्याटप्प्यानं 14 आणि 16 झालं. 16 वर्षांची मर्यादा अनेक दशकं टिकली. 2012 मध्ये पॉक्सो आला आणि ती 18 झाली. म्हणजे 16 आणि 17 वर्षांच्या मुलामुलींची जी नाती आधी या गुन्ह्याच्या कक्षेत नव्हती, ती त्या कक्षेत आली.

न्यायालयांचा अनुभव काय आहे?

'एनफोल्ड' या संस्थेनं 2016 ते 2020 या काळातले आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधल्या विशेष न्यायालयांचे 7,064 निकाल तपासले. त्यातली जवळपास प्रत्येक चौथी केस प्रेमसंबंधांची होती. अशा केसेसमध्ये आरोपी निर्दोष सुटण्याचं प्रमाण 90 टक्क्यांहून अधिक होतं. तक्रार बहुतेकदा मुलीच्या घरच्यांची होती.

पण निर्दोष सुटका होईपर्यंत मुलगा तुरुंगात राहिलेला असतो, शिक्षण सुटलेलं असतं. मुलीची वैद्यकीय तपासणी आणि उलटतपासणी झालेली असते. दरम्यान, ज्या बालकांवर खरोखर अत्याचार झालेत त्यांचे खटलेही त्याच न्यायालयांत रांगेत असतात.

मद्रास उच्च न्यायालयानं 2019 मध्येच संमतीचं वय 16 करण्याचा आणि दोघांच्या वयातलं अंतर 5 वर्षांपेक्षा जास्त नसावं, अशी अट घालण्याचा विचार सुचवला होता. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी एका प्रकरणात तरुणाची शिक्षा रद्द केली. संमतीचं वय आणि लग्नाचं वय या वेगळ्या गोष्टी आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधलं.

'रोमिओ-ज्युलिएट' तरतूद म्हणजे काय?

शेक्सपिअरच्या नाटकावरून हे नाव पडलं. संमतीचं वय तेच ठेवायचं, पण दोघांच्या वयात थोडंच अंतर असेल आणि जबरदस्ती नसेल, तर त्या नात्याला गुन्ह्यातून वगळायचं, अशी ही तरतूद असते.

कॅनडात संमतीचं वय 16 आहे. पण 14-15 वर्षांच्या मुलांच्या बाबतीत जोडीदार 5 वर्षांपेक्षा कमी अंतरानं मोठा असेल, तर तो गुन्हा ठरत नाही. जोडीदार शिक्षक, प्रशिक्षक किंवा अधिकाराच्या जागेवरची व्यक्ती असेल, तर मात्र ही सूट मिळत नाही. जपाननं 2023 मध्ये संमतीचं वय 13 वरून 16 केलं, तेव्हा 13 ते 15 वयोगटासाठी 5 वर्षांच्या अंतराचा असाच नियम ठेवला.

भारताच्या कायद्यात अशी कुठलीही पायरी नाही. 17 वर्षांच्या मुलीसोबत असणारा 18 वर्षांचा वर्गमित्र आणि 45 वर्षांचा शेजारी, दोघांसाठी किमान शिक्षा सारखीच आहे.

मग बदल का होत नाही?

2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी 16 ते 18 वयोगटातले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळण्याची बाजू मांडली. केंद्र सरकारनं त्याला विरोध केला. 18 ची मर्यादा विचारपूर्वक ठरवलेली आहे, अत्याचार करणारे अनेकदा ओळखीतले किंवा घरातलेच असतात आणि सूट दिली तर 'तिची संमती होती' ही त्यांची ढाल होईल, असं सरकारचं म्हणणं आहे.

ही भीती निराधार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयोगटातल्या सुमारे 22 टक्के महिलांचं लग्न 18 वर्षांआधी झालं होतं. जिथे मुलीला लग्नालाही नाही म्हणता येत नाही, तिथे तिची 'संमती' किती खरी, हा प्रश्न उरतोच.

विधी आयोगानं सप्टेंबर 2023 च्या 283 व्या अहवालात मधला मार्ग सुचवला. वय 18 च ठेवावं, पण 16 ते 18 वयोगटातल्या मुलाची किंवा मुलीची मूक मान्यता असेल आणि वयातलं अंतर 3 वर्षांपेक्षा जास्त नसेल, तर इतर परिस्थिती पाहून कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायाधीशांना असावी. मात्र यात नातं गुन्हाच राहतो. अटक आणि खटला टळत नाही.

डॉक्टरकडे जाण्याचीही भीती

पॉक्सोनुसार गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, डॉक्टरांनाही. त्यामुळे गर्भवती राहिलेल्या अल्पवयीन मुली दवाखान्यात जायला घाबरतात. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यात थोडा दिलासा दिला. मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरनं पोलिसांना तिचं नाव व ओळख सांगण्याची गरज नाही.

वय आणि वयातलं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सध्याचा कायदा त्यातली पहिलीच पाहतो. दुसरी पाहायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार संसदेचा आहे. तोपर्यंत 18 पूर्ण व्हायला एक दिवस कमी असला, तरी गुन्हा तोच राहतो. कुणावर अत्याचार होत असेल किंवा मदत हवी असेल, तर 1098 हा चाइल्डलाइनचा क्रमांक चोवीस तास मोफत सुरू असतो.