नाव आणि निवाडा

इतिहासाच्या अध्यापकाने मेंदूविज्ञानावर लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु एखाद्या गोष्टीला नाव कोणी दिले आणि त्या नावाखाली काय झाकले गेले, हा प्रश्न इतिहासाचाच आहे.

१८५६ साली जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्शो यांनी मेंदूतील चेतापेशींच्या अवतीभवतीच्या द्रव्याला ‘न्यूरोग्लिया’ म्हटले. ग्रीक भाषेत ग्लिया म्हणजे डिंक. विचार चेतापेशींचा, या पेशी केवळ आधाराला, अशी समजूत त्या नावाबरोबर रूढ झाली. चेतापेशींची वीज यंत्रावर उमटे. ग्लिया पेशी त्या भाषेत बोलत नसल्याने मुक्या ठरल्या. १९९० च्या सुमारास कॅल्शियम दाखवणारी चमकती रंगद्रव्ये वापरून पाहिले, तेव्हा ॲस्ट्रोसाइट या तारकाकृती ग्लिया पेशींच्या जाळ्यातून संदेशांच्या लाटा जाताना दिसल्या. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बेन बॅरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, या पेशींच्या साहाय्यावाचून चेतापेशींमध्ये पुरेशा जोडण्याच होत नाहीत. पेशी मुक्या नव्हत्या. ऐकण्याचे साधन अपुरे होते.

या शोधयात्रेत आपल्या मुंबईचाही वाटा आहे. डॉ. शुभा टोळे यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली, अमेरिकेत कॅल्टेकमध्ये पीएच.डी. केली आणि १९९९ पासून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. मेंदू गर्भावस्थेत कसा घडतो, हा त्यांचा विषय. स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस या भागात एकाच जातीच्या मूळ पेशींपासून आधी चेतापेशी व नंतर ॲस्ट्रोसाइट निर्माण होतात. उंदरांवरील प्रयोगांतून त्यांच्या गटाने २०११ साली दाखवले की, हा बदल ‘एलएचएक्स२’ नावाच्या जनुकाच्या ताब्यात आहे. ते काढून टाकले, तर ॲस्ट्रोसाइट अकाली तयार होतात. ते अधिक काळ कार्यरत ठेवले, तर चेतापेशींची निर्मिती लांबते. म्हणजे ‘विचार करणारी’ आणि ‘आधार देणारी’ पेशी एकाच कुळातल्या! २०१० साली त्यांना भटनागर पुरस्कार, २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये त्या आंतरराष्ट्रीय मेंदू संशोधन संघटनेच्या अध्यक्षा झाल्या.

पेशींवरून समाजाचे नियम काढू नयेत, हे मी जाणतो. पण पूर्वग्रह पुराव्याने कसा ढळतो, हे त्यांच्यावरून निश्चित शिकता येते.

येथे एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका हुशार विद्यार्थिनीने, “सर, बी.एस्सी. करून संशोधनात जाऊ का?” असे विचारले होते. मी म्हणालो, “बाळ, आधी नोकरीचे बघ.” तिच्या घरची स्थिती पाहता तो सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही, पण तिची कुवत न तपासता तिच्यावर मीही एक नाव चिकटवलेच.

पालकांनो, डॉक्टर, अभियंता, अधिकारी यांपलीकडेही मार्ग आहे. पुण्याची आयसर, मुंबईची टाटा संस्था रत्नागिरीहून एका रात्रीच्या अंतरावर आहेत; पीएच.डी. करताना शिष्यवृत्तीही मिळते. माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी चार मुलांना या प्रयोगशाळा दाखवाव्यात, त्यांच्या प्रवेश परीक्षांचा खर्च उचलावा. आपल्या मुलांना कोणते नाव शोभेल, ते मग त्यांच्या कामाला ठरवू द्या.