बाकड्याला पाठ कशासाठी?

आमच्याकडे बाकड्याला पाठ देतात ती म्हाताऱ्याच्या कण्यासाठी नव्हे. निधी कोणाचा, हे ठळक अक्षरांत रंगवायला जागा लागते म्हणून. बारामती असो की इंदापूर, एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत चाला. एक बाकडं आमदार निधीतलं, शेजारचं पतसंस्थेच्या सौजन्याचं, पुढचं कुणाच्या तरी स्मरणार्थ. उंची वेगळी, रंग वेगळा, नटबोल्टसुद्धा वेगळे.

दोन्ही नगरपालिका १८६५ सालच्या. दीडशे वर्षांचा संसार, पण घरातलं सामान कोणी निवडायचं हे अजून ठरलेलं नाही. म्हणून निवडतो कॅटलॉग. हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि आपण चकचकीत स्टीलचं बाकडं उघड्यावर ठोकतो. दुपारी त्यावर भाकरी शेकेल, माणूस बसणार नाही. झाडाखालचा जुना दगडी पार ज्यांनी बांधला त्यांना हे कळत होतं. त्यांच्याकडे सल्लागार नव्हता, हे त्यांचं नशीब.

बरं, बसवतात तरी कुठे? फुटपाथच्या मधोमध. पादचाऱ्याला किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी, असं भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शिका सांगते. बाकडं, कचरापेटी, दिव्याचा खांब हे सगळं त्या वाटेच्या बाहेर, एका रेषेत यायला हवं. इथे चाकाच्या खुर्चीवरचा माणूस रस्त्यावर उतरतो, आणि समोरून दोन ट्रेलर ओढत उसाचा ट्रॅक्टर येतो.

त्याच ट्रॅक्टरच्या धक्क्याने कधीतरी फुटपाथकडेचा नक्षीदार बिडाचा खांब आडवा होतो. त्याचा साचा लांबच्या ठेकेदाराकडे. तो देयक घेऊन केव्हाच गेलेला. मग त्या जागी पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचा पाइप उभा राहतो. सगळ्या चौकांत एकच नमुना हवा असा माझा हट्ट आहे तो शोभेसाठी नाही, सुट्या भागासाठी आहे. उसाच्या ट्रॉल्या बांधणारे वेल्डर दोन्ही गावांत आहेत. त्यांना एका दुपारी दुरुस्त करता येणार नाही असं काहीही रस्त्यावर बसवू नका.

पण दुरुस्तीत कुणाला रस? नव्या कामाला सरकारचं विशेष अनुदान मिळतं, नारळ फुटतो, फोटो निघतो. तुटलेली फळी बदलायला पैसा काढायचा घरपट्टीतून, आणि त्याला फीत कापता येत नाही. ठेकेदाराच्या दोष दायित्वाचा, म्हणजे फुकट दुरुस्तीच्या हमीचा, काळ संपला की बाकडं अनाथ.

माझी मागणी एवढीच: निधीवाल्याचं नाव पुसा. तिथे दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याचा फोन नंबर रंगवा, आणि पुढच्या अंदाजपत्रकात देखभालीचा आकडा दिसल्याशिवाय एकही नवं बाकडं मंजूर करू नका.