अंगावरचे दूध आणि वजनाचा काटा

जितके महिने बाळाला अंगावर पाजावे तितके आईचे वजन उतरत जाते, हा समज आज शिकलेल्या मराठी घरांत सिद्धान्ताच्या थाटात वावरतो. न्यू जर्सीतील वेस्ट विंडसर हे अशा घरांचे एक गाव आहे. प्रिन्स्टन जंक्शनचे रेल्वेस्थानक त्याच्याच हद्दीत असून तेथून न्यूयॉर्कला नोकरीसाठी रोज ये-जा करता येते, आणि भारतीय वंशाची कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने राहतात. लेकीच्या बाळंतपणासाठी भारतातून आलेली आई मात्र त्याच घरात उलट पक्ष मांडते: पाजणारीचे अंग भरायचेच, ते भरले नाही तर दूध कोठून येणार? दोन्ही पक्ष दुधाचा हिशेब वजनाच्या काट्यावर करतात, आणि तेथेच दोघांची चूक होते.

पहिला पक्ष अगदीच निराधार नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाच्या २००४ च्या अहवालानुसार, बाळाला केवळ अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीराला पहिल्या सहा महिन्यांत दुधासाठी रोज सुमारे ६७५ किलोकॅलरी, म्हणजे अन्नातून मिळणारी तेवढी ऊर्जा, खर्चावी लागते. त्यांपैकी सुमारे ५०५ तिने जादा खाऊन मिळवाव्यात आणि उरलेल्या १७० गरोदरपणी साठलेल्या चरबीतून याव्यात, असा तो हिशेब आहे. वजन उतरण्याची सारी आशा या १७० वर उभी आहे, आणि तेवढी ऊर्जा डिंकाच्या एका बेताच्या लाडवात परत येते.

ब्रिटनमधील ‘मिलियन विमेन स्टडी’ने ७ लाख ४० हजारांहून अधिक, पाळी थांबलेल्या स्त्रियांची पाहणी करून २०१३ मध्ये असे दाखवले की, पाजण्याच्या दर सहा महिन्यांमागे देहभारांक, म्हणजे उंचीच्या मानाने मोजलेले वजन, सरासरी एक टक्क्याने कमी आढळते. सत्तर किलोच्या स्त्रीच्या बाबतीत हे अंतर सातशे ग्रॅमचे होते. शिवाय अशा पाहणीत कार्य आणि कारण यांची अदलाबदल होण्याचा धोका असतो, कारण मुळात वजन जास्त असलेल्या आईला दूध उतरायला उशीर लागण्याचा आणि तिचे पाजणे लवकर सुटण्याचा संभव अधिक असतो. म्हणजे पाजणे लवकर सुटल्याने वजन राहिले असे जेथे दिसते, तेथे वजनामुळेच पाजणे लवकर सुटलेले असू शकते.

ही शंका फेडणारा मोठा प्रयोग बेलारूसमध्ये झाला. १९९६-९७ मध्ये तेथील ३१ रुग्णालये चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एका गटात मातांना पाजण्यासाठी विशेष प्रोत्साहन व मदत देण्यात आली, आणि तिसऱ्या महिन्यात केवळ अंगावर पाजणाऱ्यांचे प्रमाण त्या गटात ४३ टक्के, तर दुसऱ्यात अवघे ६ टक्के राहिले. एवढा फरक पडूनही, साडेअकरा वर्षांनंतर त्याच मातांना तपासले तेव्हा दोन्ही गटांच्या शरीरातील चरबीत म्हणण्यासारखे अंतर आढळले नाही. अधिक काळ पाजणे हा वजन उतरवण्याचा खात्रीचा उपाय आहे, हे मत या निष्कर्षापुढे टिकत नाही.

दुसऱ्या पक्षामागे माया आहे आणि पिढ्यांचा अनुभवही आहे. पण तो अनुभव सव्वा महिन्यानंतर पुन्हा शेतावर, पाण्यावर आणि जात्यावर जाणाऱ्या बाळंतिणीचा होता. डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर आणि वाढते तूप हा आहार त्या कष्टांना साजेसा होता; न्यू जर्सीच्या हिवाळ्यात दाराआड बसलेल्या, बाहेर पडली तरी मोटारीनेच जाणाऱ्या बाळंतिणीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. बाळ जितके ओढील तितके दूध साधारणपणे तयार होते. आईच्या अंगावरील चरबीवर ते अवलंबून नसते. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जादा वजनाच्या पाजणाऱ्या मातांनी बाळ चार आठवड्यांचे झाल्यापासून बेताचा आहार व व्यायाम यांनी आठवड्याला सुमारे अर्धा किलो वजन उतरवले, तरी बाळांची वाढ खुंटली नाही.

मग अधिक काळ पाजावे ते कशासाठी? बाळाला होणारा लाभ सर्वमान्य आहे. आईचा लाभ मात्र वजनाच्या गप्पांत झाकून जातो. तीस देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेल्या निष्कर्षानुसार, पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी घटतो. गरोदरपणी मधुमेह झालेल्या मातांचा कॅलिफोर्नियात पाठपुरावा केला असता, अधिक काळ पाजणाऱ्यांमध्ये पुढील दोन वर्षांत कायमचा मधुमेह कमी आढळला, आणि वजनातील बदल हिशेबात धरूनही हा संबंध टिकून राहिला. मधुमेहाकडे अधिक कल असलेल्या भारतीय वंशाच्या स्त्रियांना हे आवर्जून सांगायला हवे. सहा महिने पाजूनही काटा हलला नाही म्हणून जी आई निराश होऊन पाजणे सोडते, तिच्या हातून हा लाभ एका खोट्या आश्वासनापायी जातो.

पाजण्याचा काळ प्रत्यक्षात ठरतो तो बहुधा कामाच्या ठिकाणी. न्यू जर्सीच्या जानेवारी २०१८ च्या कायद्याने, मालकावर अवाजवी भार पडत नसेल तर, नोकरी करणाऱ्या आईला दूध काढण्यासाठी पुरेसा वेळ आणि स्वच्छतागृहाखेरीज दुसरी खासगी जागा मिळण्याचा हक्क दिला आहे. वेस्ट विंडसरमधल्या प्रत्येक मराठी आईने तो हक्क निःसंकोच मागून घ्यावा, आणि तिच्या घरच्यांनी वजन किती उतरले हे विचारण्याऐवजी तिची झोप झाली का, ती वेळेवर जेवली का, एवढे विचारावे.