वर्धा-नांदेड रेल्वेमार्ग: छोट्या उद्योजकाचा वाटा अडतो कुठे?

पिपरी मेघेला लागून असलेल्या वर्ध्यातून निघणारा 284 किलोमीटरचा वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग केंद्र आणि राज्याच्या पैशातून होतोय. वर्धा-कळंब टप्पा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरूही झाला. यातलं किती काम इथल्या छोट्या उद्योजकाला मिळू शकतं?

नियम ऐकायला छान आहे. 2012 च्या केंद्रीय खरेदी धोरणानुसार रेल्वेसह केंद्राच्या खात्यांनी 25 टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या, 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. टेंडर फॉर्म मोफत, अनामत रक्कम माफ.

मेख पुढे आहे. हे धोरण वस्तू आणि सेवांना लागू होतं, बांधकामाच्या कंत्राटांना नाही. आणि नव्या मार्गाचा मोठा पैसा जातो मातीभराव, पूल आणि बोगद्यांतच! म्हणजे दलित उद्योजकाला रेल्वेच्या ऑफिसला भाड्याने गाड्या पुरवताना सवलत. छोट्या पुलाचं टेंडर भरताना नाही. तिथे त्याच्या वाट्याला येतं ते बड्या कंत्राटदाराच्या हाताखालचं काम.

बांधकामात असा वाटा देताच येत नाही, असंही नाही. शेजारच्या कर्नाटकने राज्याच्या कामांत तो कायद्यानेच राखून ठेवलाय आणि 2023 मध्ये त्यासाठीची कामाच्या रकमेची मर्यादा 50 लाखांवरून 1 कोटी केली.